रक्ताले रस्ता कोन दाखवते जी? गर्भातल्या रक्तवाहिन्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची जिल्हा परिषदेची शाळा भंडारा जिल्ह्यात, लाखांदूर तालुक्यात आहे. भोवताली धानाच्या बांध्या, पलीकडे चुलबंद नदी. दिवाळीनंतर धान कापून झालं की कुणाच्या ना कुणाच्या घरी एखादी कोंबडी खुडुक बसते. तिच्याखालची दोन-तीन अंडी मी दरवर्षी मागून आणते आणि बंद खोलीत बॅटरीच्या उजेडात सातवी-आठवीच्या मुलांना दाखवते. त्या दिवशी वर्गात जे प्रश्न येतात ते वहीत उतरवून ठेवते. हळूहळू मुलांच्या आयांचे, आशाताईंचे प्रश्नही त्या वहीत आले. तेच प्रश्न आणि मला समजलेली उत्तरं इथं देत आहे.

मॅडम, रक्ताले रस्ता कोन दाखवते जी?

हा प्रश्न आठवीतल्या एका मुलीनं विचारला होता. उजेडात लाल रेषांचं झाड पाहून तिला वाटलं, एवढ्या फांद्या कुणी तरी आधी आखून ठेवल्या असणार. त्या दिवशी मला नीट सांगता आलं नाही. पुढं बरंच वाचल्यावर जे कळलं ते असं.

रस्ता आधी पूर्ण आखलेला नसतो. सुरुवातीला असते ती नुसती जाळी. मधमाशांच्या पोळ्यासारखी, सगळीकडे सारख्याच बारीक नळ्या, कोणती मोठी नाही, कोणती लहान नाही. मग हृदय धडकू लागतं आणि रक्त त्या जाळीतून वाहायला लागतं. वाहताना ते नळीच्या आतल्या भिंतीला घासतं. भिंतीवरच्या पेशींना हे घासणं जाणवतं. जिथं घासणं जास्त, तिथली नळी रुंद होत जाते. जिथं रक्त जेमतेम सरकतं, ती नळी बुजते. दोन-चार दिवसांत जाळीचं झाड होतं: बुंधा, फांद्या, डहाळ्या.

रोवणीच्या दिवसांत रात्रभर पाऊस पडला की बांधीतलं पाणी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, प्रत्येक फटीतून पाझरतं. सकाळी पाहावं तर दोनच वाटा खांडासारख्या मोठ्या झालेल्या आणि बाकीच्या चिखलानं बुजलेल्या. मुलांना हे लगेच पटतं. पण उपमा इथपर्यंतच चालते, आणि पुढचा फरक मी दर वेळी ठासून सांगते. धुऱ्याची माती निर्जीव, तिला पाणी फाडतं. रक्तवाहिनीची भिंत जिवंत आहे. रक्त तिला फाडत नाही. ती प्रवाह ओळखते आणि स्वतःच रुंद होते. सगळं नवल त्या ओळखण्यात आहे.

अंड्यात नेमकं काय दिसतं, आणि कितव्या दिवशी?

कोंबडीचं पिल्लू २१ दिवसांत बाहेर येतं. बॅटरीच्या उजेडात चौथ्या-पाचव्या दिवशी चांगलं दिसतं: मध्ये एक गडद ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या निघालेल्या लाल रेषा. गावरान अंड्याचं कवच तांबूस असतं, त्यामुळे पांढऱ्या अंड्याइतकं स्पष्ट दिसत नाही. खोली पूर्ण काळोखी हवी आणि उजेड अंड्याच्या बोथट टोकाला लावावा, तिथं आत हवेची पोकळी असते.

एकदा तीन दिवसांचं एक अंडं कोंबडीच्याच पायाखाली तडकलं. ते वाचणार नव्हतं. घरच्या काकूंनी ते स्टीलच्या वाटीत ओतून मला हाक मारली. पिवळ्या बलकावर रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं लाल वर्तुळ, त्याच्या कडेनं गोल फिरलेली एक शीर, आणि मधोमध मोहरीएवढा लाल ठिपका उड्या मारत होता. प्रत्येक उडीसरशी दोन मुख्य फांद्यांत रंग सरकताना दिसे. वाटी थंड होत गेली तसे ठोके मंद झाले. टोकाच्या बारीक फांद्या आधी फिकट पडल्या, मग जाड्या. काकू म्हणाल्या, "इतकुसा जीव, पन किती जोर लावून रायला पाय." मी आजवर जे काही शिकवलं, त्यात त्या वाटीएवढं स्पष्ट काहीच नव्हतं.

हृदय आधी की रक्तवाहिनी आधी?

जवळजवळ एकाच वेळी, वेगवेगळ्या जागी. बलकावर पसरलेल्या पडद्यात रक्तपेशींचे छोटे पुंजके तयार होतात, त्यांना रक्तद्वीप म्हणतात. त्यांच्याभोवतीच्या पेशी एकमेकींना जोडून जाळी विणतात. तिकडे पिल्लाच्या शरीरात हृदयाची नळी बनत असते. उबवणीचा साधारण दीड दिवस झाला की ती नळी आचके द्यायला लागते आणि त्यानंतर काही तासांनी रक्त फिरू लागतं.

पहिला ठोका पडतो तेव्हा पिल्लू इतकं लहान असतं की प्राणवायू बाहेरून नुसता झिरपूनही त्याला पुरतो. मग हृदयाला इतकी घाई कशाची? मला पटणारं उत्तर असं, की या वेळी हृदय पेशींना खाऊ पोचवण्यापेक्षा वाटा घडवण्याचं काम जास्त करत असतं. झेब्राफिश नावाच्या छोट्या पारदर्शक माशात याला आधार सापडतो. त्याच्या काही पिल्लांत जन्मजात बिघाडामुळे हृदय धडकतच नाही, तरी ती पाण्यातल्या प्राणवायूवर काही दिवस जगतात.

प्रवाहामुळेच हे घडतं, हे कशावरून म्हणायचं?

शंका रास्त आहे. झाड आपोआपच वाढत असेल आणि रक्त त्यातून नुसतं वाहत असेल, असंही असू शकलं असतं. म्हणून लोकांनी प्रवाह थांबवून पाहिला.

१८९३ साली रिचर्ड थोमा या जर्मन संशोधकानं कोंबडीच्या गर्भात पाहिलं, की ज्या नळ्यांत रक्त वेगानं वाहतं त्या रुंद होतात आणि ज्यांत मंदावतं त्या नाहीशा होतात. पण ते नुसतं निरीक्षण होतं. १९१८ मध्ये चॅपमन यांनी पुढचं पाऊल टाकलं. रक्त फिरायला लागण्याआधीच कोंबडीच्या गर्भाचं हृदय काढून टाकलं. जाळी झाली, पण जाळीचं झाड झालं नाही. जाळी विणण्यापुरती सूचना पेशींकडे आधीच असते, झाडासाठी मात्र वाहतं रक्त लागतं, हे त्या प्रयोगातून दिसलं.

२००४ साली झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. कोंबडीच्या गर्भाची बलकाकडे जाणारी एक धमनी अशी उचलून धरली की तिच्यातला पुढचा प्रवाह बंद पडला. आता त्या भागात रक्त दुसऱ्या बाजूनं फिरून उलटं यायला लागलं. थोड्याच वेळात त्या धमनीनं धमनीपण सोडलं. तिच्या पेशींत धमनीची म्हणून ओळखली जाणारी जनुकं थंडावली आणि ती शीर होऊन झाडात सामील झाली. पेशी त्याच, जागा तीच, फक्त प्रवाहाची दिशा बदलली.

२००७ मधला प्रयोग उंदराच्या गर्भावरचा आहे. त्यांचा प्रश्न असा होता: हृदयाचा ठोका महत्त्वाचा की रक्ताचा दाटपणा? त्यांनी लाल पेशी रक्तद्वीपातच अडकवून ठेवल्या. हृदय धडकत होतं, वाहिन्यांत द्रवही फिरत होता, पण पातळ. वाहिन्या घडल्या नाहीत. मग त्या पातळ रक्तात पिष्टापासून केलेला द्रव सोडून दाटपणा वाढवला आणि वाहिन्या पुन्हा नीट घडू लागल्या! लाल पेशी नसतानाही. मुलांना मी सांगते, बोट साध्या पाण्यात फिरवा आणि मग तांदळाच्या पेजेत फिरवा. पेज बोटाला जास्त ओढते. पेशींना हवी होती ती ही ओढ. ती लाल पेशींमुळे आली की पिष्टामुळे, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

पेशीला प्रवाह "कळतो" म्हणजे काय? तिला काय मेंदू आहे?

मेंदू नाही. पण पाटाच्या वाहत्या पाण्यात उभं राहिलं की पाणी पायाला दोन प्रकारे लागतं. एक, चहूबाजूंनी दाबतं. दुसरं, पुढं ओढतं. रक्तवाहिनीच्या आत पेशींचा एकच थर फरशीसारखा बसवलेला असतो, त्यांना एंडोथेलियल पेशी म्हणतात. रक्ताचा दाब त्यांना बाहेर ढकलतो, आणि वाहतं रक्त त्यांना प्रवाहाच्या दिशेनं ओढतं. या ओढीला शास्त्रज्ञ शिअर स्ट्रेस म्हणतात. मी वर्गात घासण म्हणते.

ही घासण किती असते ते ऐका. मोठ्या माणसाच्या धमनीत ती साधारण १ ते २ पास्कल असते, गर्भात त्याहून कमी. वहीचं साधं पान टेबलावर ठेवलं तर त्याचा टेबलावर अर्ध्या पास्कलहून थोडा जास्त भार पडतो. त्याच धमनीत रक्तदाब १२० असेल तर तो दाब होतो जवळपास १६,००० पास्कल. एवढ्या दाबाखाली बसलेल्या पेशीला दोन पानांच्या भाराएवढी घासण वेगळी ओळखता येते.

ओळखण्यासाठी एकच अवयव नाही, बऱ्याच सोयी आहेत. पेशीच्या आवरणात काही प्रथिनं दारासारखी बसवलेली असतात. आवरण ताणलं की दार उघडतं आणि बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं, तोच आतल्यांना निरोप. यातलं एक दार म्हणजे पिएझो-१. २०१० मध्ये आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेनं ते शोधलं. काचेच्या बारीक नळीनं पेशीला टोचायचं, आणि एकेक जनुक बंद करून पेशी टोचणं ओळखते का ते पाहायचं. संशय असलेली ७२ जनुकं होती आणि उत्तर शेवटच्या जनुकात सापडलं. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक पटापुटियन आणि डेव्हिड ज्युलियस यांना स्पर्श आणि तापमान ओळखणाऱ्या अशा प्रथिनांसाठी मिळालं. २०१४ मध्ये दोन गटांनी दाखवलं, की पिएझो-१ नसलेल्या उंदरांचे गर्भ पोटातच दगावतात आणि त्यांच्या रक्तवाहिन्या नीट घडलेल्या नसतात. बहात्तरावं जनुक तपासण्याआधी त्या लोकांनी हात टेकले असते तर, असं माझ्या मनात दर वेळी येतं.

दुसरी सोय दोन पेशींच्या सांध्यावर असते. तिथं तीन प्रथिनांचं त्रिकूट आहे: पीकॅम-१, व्हीई-कॅडहेरिन आणि व्हीईजीएफ-रिसेप्टर-२. पहिलं ओढ पकडतं, दुसरं जोडून देतं, तिसरं आत निरोप धाडतं. २००५ साली हे त्रिकूट अशा पेशींत घालून पाहिलं ज्यांचा रक्तवाहिनीशी काही संबंध नव्हता. त्या पेशीही प्रवाहाला प्रतिसाद द्यायला लागल्या.

याशिवाय काही पेशींवर एक बारीक केस असतो, तो प्रवाहात वाकतो. पाटातलं शेवाळ वाकतं तसा. मंद प्रवाहात, म्हणजे अगदी सुरुवातीच्या गर्भात, हा केस कामाचा ठरतो.

निरोप आत पोचला की केएलएफ-२ सारखी जनुकं जागी होतात आणि पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू बनवते, त्यानं वाहिनी सैलावते. हा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं.

मग वाहिनी रुंद होतच जाईल. थांबते कधी?

हा प्रश्न गणिताच्या सरांनी विचारला. उत्तरही गणितातच आहे. प्रवाह तेवढाच राहिला आणि नळीची रुंदी दुप्पट झाली, तर भिंतीवरची घासण निम्मी होत नाही, आठवा हिस्सा होते. थोडं रुंद झालं तरी घासण झपाट्यानं उतरते. पेशींना अमुक एक घासण सोयीची वाटते. जास्त असेल तर त्या वाहिनी रुंद करतात, कमी असेल तर अरुंद, आणि सोयीच्या घासणीवर येऊन थांबतात. १९२६ मध्ये सेसिल मरे यांनी यावरून फांद्यांचा हिशोब मांडला: बुंध्याच्या त्रिज्येचा घन हा फांद्यांच्या त्रिज्यांच्या घनांच्या बेरजेइतका. सरांनी तो फळ्यावर सोडवून दाखवला.

बुजलेल्या वाहिनीतल्या पेशी मरतात का?

बहुतेक मरत नाहीत, निघून जातात. या पेशी प्रवाहाच्या विरुद्ध दिशेनं सरकतात. चढणीच्या माशासारख्या. पहिल्या पावसात चुलबंदला पाणी आलं की मासे धारेवर चढतात आणि मुलं तिथं जाळी घेऊन धावतात, ते इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दोन वाहिन्या शेजारी असतील आणि एकीत धार जोरात, दुसरीत पाणी थिजलेलं, तर थिजलेल्या वाहिनीतल्या पेशी जोराच्या वाहिनीकडे सरकतात. एक रिकामी होऊन मिटते, दुसरीला माणसं मिळतात आणि ती मोठी होते. उंदराच्या डोळ्याच्या पडद्यात आणि झेब्राफिशमध्ये हे २०१५ मध्ये तपशिलात पाहिलं गेलं. प्रत्येक पेशी आपलं नाक कुठल्या दिशेला ठेवते, हे तिच्या आतल्या गॉल्जी पिंड नावाच्या भागाच्या जागेवरून ओळखता येतं.

मग जनुकांचं काम काय?

पुष्कळ. सगळं प्रवाहच करतो असं मी म्हणत नाही, आणि कुणी म्हटलं तर मानू नका. झेब्राफिशमध्ये रक्त फिरायच्या आधीच मुख्य धमनी आणि मुख्य शीर कोणती, हे पेशींच्या जनुकांवरून ठरलेलं दिसतं. प्रवाह ओळखणारी प्रथिनंही जनुकांमुळेच बनतात. मामा तलावाची, म्हणजे इथल्या जुन्या मालगुजारी तलावाची, पाळ कुठं असावी हे बांधणाऱ्यानं ठरवलं. पण पाळीखाली पाटापासून शेवटच्या बांधीपर्यंत पाणी कुठून कसं जाईल, हे दर पावसाळ्यात पाण्यानं आणि शेतकऱ्यानं मिळून ठरवलं.

कोंबडीत आणि माणसात सारखंच घडतं का?

मूळ रीत सारखी, नकाशा वेगळा. एक मजेदार फरक: हृदयातून निघणारी महाधमनी आपल्यात डावीकडे वळते, कोंबडीत उजवीकडे. गर्भात सुरुवातीला दोन्ही बाजूंना कमानीसारख्या धमन्यांच्या जोड्या असतात, मग काही टिकतात, काही जिरतात. कोणत्या बाजूची टिकेल? २००७ मध्ये उंदराच्या गर्भात याचं उत्तर मिळालं. पिट्एक्स-२ नावाचं जनुक हृदयातून बाहेर पडणारी नळी किंचित पिळतं, त्या पिळामुळे सहाव्या जोडीच्या डाव्या कमानीत रक्त जास्त जातं आणि उजवी जिरते. जनुकानं वळण दिलं, निवड प्रवाहानं केली.

माणसाच्या गर्भात हृदय गर्भधारणेनंतर साधारण २२ व्या दिवशी धडकायला लागतं. तेव्हा त्या बाईची पाळी लांबून जेमतेम आठवडा झालेला असतो. कितीतरी जणींना दिवस गेलेत हे तोवर ठाऊकही नसतं.

हृदयाच्या झडपाही अशाच बनतात का?

हो, त्यांनाही प्रवाह लागतो. २००३ मध्ये झेब्राफिशच्या हृदयात केसाच्या जाडीचा काचेचा मणी ठेवून रक्त अडवलं, तर झडपा झाल्याच नाहीत. रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी गर्भाच्या महाधमनीच्या भिंतीतून बाहेर पडतात, त्यांनाही प्रवाहाची घासण मदत करते, हे २००९ मध्ये दिसलं.

बाळाच्या हृदयाला छिद्र असेल तर आईनं काही चुकीचं केलं का?

आशाताईंनी हा प्रश्न माझ्या वहीत स्वतःच्या हातानं लिहिला. त्यांच्या पाड्यावरच्या एका सुनेला सासरचे रोज ऐकवत होते: ग्रहणात भाजी चिरली, रोवणीला वाकली, माहेरी जाताना एसटीत आदळली.

नाही. यातल्या एकाही गोष्टीनं हृदयाला छिद्र पडत नाही. ग्रहणात सावली पडते ती पृथ्वीवर किंवा चंद्रावर, पोटातल्या बाळावर नाही.

दर हजार जिवंत जन्मलेल्या बाळांत साधारण आठ ते दहा बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. श्रीमंत देशांतही असतो, डॉक्टरांच्या घरीही असतो. हृदय, झडपा, कमानी हे सगळं एकाच वेळी धडकतही असतं आणि घडतही असतं. जनुकांत लहानसा फरक पडला तर प्रवाह थोडा वळतो, आणि प्रवाह वळला तर पुढची घडण बदलते. बहुतेक बाळांत एकच एक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. काही कारणं मात्र माहीत आहेत: आईची साखर गर्भारपणाआधीपासून फार वाढलेली असणं, सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला म्हणजे जर्मन गोवर होणं, फिटची काही औषधं, दारू, जवळच्या नात्यातलं लग्न, डाउन सिंड्रोम. म्हणून साखर तपासावी. रुबेलाची लस मुलींना लहानपणीच द्यावी. फिटची गोळी चालू असेल तर दिवस जाण्याआधी डॉक्टरांना विचारावं आणि स्वतःच्या मनानं ती बंद करू नये.

दूध पिताना बाळाला घाम येतो, दम लागतो, ओठ-नखं निळी पडतात, वजन वाढत नाही, अशी खूण दिसली तर थांबू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येऊन मुलं तपासतात. हृदयाचा दोष आढळला तर पुढच्या उपचारांची सोय त्यातून होते. आमच्या शाळेतल्या एका मुलाचा दोष असाच तपासणीत सापडला. शस्त्रक्रियेनंतर तो पहिल्यांदा कबड्डीत उतरला त्या दिवशी त्याची आई शाळेच्या कुंपणाबाहेर उभी होती. पूर्ण वेळ तिनं डोळ्याला पदर लावून ठेवला होता. बाईला दोष देणाऱ्यांना मला इतकंच विचारायचं आहे: बावीस दिवसांच्या त्या ठिपक्यात काय चाललंय हे तुम्हाला तरी माहीत होतं का?

आमच्या घरात सिकलसेल आहे. पोटातल्या बाळाच्या वाहिन्यांवर परिणाम होतो का?

पूर्व विदर्भात हा प्रश्न येणारच. सिकलसेल म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. पोटात असताना बाळाच्या लाल पेशींत मुख्यतः गर्भाचं हिमोग्लोबिन असतं आणि ते पेशींना विळ्यासारखं वाकवत नाही. त्यामुळे बाळाचा स्वतःचा सिकलसेल पोटात त्याला त्रास देत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत मोठ्यांचं हिमोग्लोबिन त्याची जागा घेतं. म्हणून त्रास साधारण सहा महिन्यांनंतर दिसायला लागतो. तेव्हा वाकलेल्या ताठर पेशी वाहिनीच्या आतल्या त्याच पेशींना चिकटतात आणि बारीक वाटा अडतात. दुखणं येतं ते त्या अडण्यानं. आईला आजार असेल तर मात्र गर्भारपणात जास्त काळजी लागते, तिची नोंद लवकर व्हावी. आणि लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून घ्यावं. कुंडली मागायला कुणी लाजत नाही, मग हा कागद मागायला का लाजावं?

उन्हाळ्यात घोळणा फुटतो, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

साधारणपणे नाही. मे महिन्यात इथली हवा इतकी कोरडी असते की नाकातलं नाजूक कातडं फुटतं. पण एकाच घरात तीन पिढ्या वारंवार घोळणा फुटत असेल, ओठांवर-जिभेवर लाल बारीक ठिपके असतील, तर डॉक्टरांना तसं सांगा. एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे, त्यात एंडोग्लिन किंवा एएलके-१ या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असतो. ही प्रथिनं पेशीला प्रवाहाप्रमाणे वागायला मदत करतात. ती बिघडली की धमनी आणि शीर मधली जाळी सोडून थेट जोडल्या जातात आणि तिथून रक्त येतं.

मोठेपणीही या पेशी प्रवाह ओळखतात का?

मरेपर्यंत. सरळ धमनीत त्या प्रवाहाच्या दिशेनं लांबट होऊन नीट ओळीनं बसतात. फाटे फुटतात तिथं प्रवाह घुमतो, पेशी गोंधळतात, आणि चरबीचे थर बहुतेक तिथंच जमायला लागतात. रोज चाललं की रक्ताचा जोर वाढतो आणि पेशींना हवी ती घासण मिळते.

हा उड्या मारणारा ठिपका सगळ्यात आधी कुणी पाहिला?

ॲरिस्टॉटल या ग्रीक विद्वानानं तेवीसशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे, की तिसऱ्या दिवसाच्या सुमारास अंड्यात रक्ताचा ठिपका जिवंत असल्यासारखा हलतो. १६२८ मध्ये रक्त शरीरात गोल फिरतं हे मांडणाऱ्या विल्यम हार्वे यांनीही कोंबडीच्या अंड्यात हे पाहिलं. पण धमनीतून शिरेत रक्त कुठून जातं, ते त्यांना दिसलं नाही. १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिघी यांनी सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात ती बारीक जाळी पाहिली. लिहिणाऱ्यांच्या आधीही कोंबड्या पाळणाऱ्या बायांनी तो ठिपका कितीदा तरी पाहिला असणार, असं मला आमच्या काकूंकडे बघून वाटतं.

पाहून झाल्यावर अंड्याचं काय करता? पिल्लू निघतं का?

अंडं उजेडापुढं अर्धा-एक मिनिटच धरायचं, कारण बॅटरीचा दिवा तापतो. हात धुऊन, कोरडे करून धरायचं. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं खूण करायची; शाईनं नको. दहा-पंधरा मिनिटांत सगळी अंडी परत टोपलीत, तणसावर, कोंबडीखाली. ती चोच मारते, म्हणून अंडी ठेवायचं काम ज्याच्या घरची कोंबडी त्या मुलानंच करायचं. सातव्या दिवशीही ज्या अंड्यात लाल रेषा दिसत नाही, ते बाजूला काढायचं.

गेल्या हिवाळ्यात मुलांनी तीन अंड्यांवर आपापली नावं घातली होती. एकविसाव्या दिवशी दोन फुटली. तिसरं तसंच राहिलं, आणि ज्याचं नाव त्यावर होतं तो मुलगा बावीस, तेवीस असे दिवस मोजत रोज सकाळी प्रार्थनेआधी त्या घरी जाऊन येत होता. चोविसाव्या दिवशी काकूंनी ते अंडं काढून ठेवलं आणि फुटलेल्या दोनपैकी एक पिल्लू त्याच्या हातावर दिलं. त्यानं ते कानाशी धरलं आणि मला म्हणाला, "मॅडम, आयका, अजून तसंच धडधड करून रायलं."